आठवा प्रश्न

मी एकतीस वर्षं परभणीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटची आठ वर्षं विभागात मला धरून चारच माणसं होती आणि त्यांतला एक शिपाई. लग्नाकार्यात कुणी विषय विचारला आणि मी सांगितला, की समोरचा तळहात पुढं करायचा, बघा बरं सर, पोराच्या नोकरीचं काय दिसतंय. सुरुवातीला मी चिडायचो. पुढं पुढं हात बघून सांगायला लागलो, की येत्या दिवाळीच्या आत लागेल. काहींच्या पोरांना लागलीही.

आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. घराजवळच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पंचांशी माझं एकदा वाजलं. कशावरून ते सांगत बसत नाही, चूक त्यांची होती. तेव्हापासून मी दर रविवारी सकाळच्या गाडीनं पूर्ण्याला उपासनेला जाऊ लागलो. तिथली मंडळी म्हणजे रेल्वे क्वार्टरांच्या मागं पत्र्याचं छप्पर असलेला एक हॉल, सव्वीस कुटुंबं आणि एक पेटी, जिच्या तीन पट्ट्या वाजतच नव्हत्या. पण तिथला पाळक, म्हणजे पाद्री, योगीराज माझा विद्यार्थी होता आणि माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा जिल्ह्यातला बहुधा एकमेव माणूस. वर्षभरात मी तिथं पंच झालो.

योगीराज माझ्या वर्गात आला त्या साली वर्गात दोघंच होते, तो आणि एक मुलगी, आणि मुलगी लग्न ठरेपर्यंतच आली. त्याला मी मध्ययुगातलं ख्रिस्ती तत्त्वज्ञान शिकवलं. आधी विश्वास की आधी समज, या एका भांडणावर शहाण्या माणसांनी हजार वर्षं कशी घालवली, ते सगळं. जुन्या विद्यापीठांत म्हणत, की तत्त्वज्ञान ही धर्मशास्त्राची दासी आहे. मी वर्गात म्हणायचो, असेल, पण घरात काय शिजतंय ते दासीलाच ठाऊक असतं, मालकिणीला नुसतं ताट दिसतं. योगीराज हसायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. पुढं तो पुण्याला धर्मशास्त्र शिकायला गेला, पाळक होऊन आपल्या गावी परत आला आणि प्रवचनात ते वाक्य वापरू लागला. मला बरं वाटायचं. नाकापेक्षा मोती जड झालाय, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याचे वडील सिताराम रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घालायची, तो खटका ओढायचं काम. आई नर्मदाबाई मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. योगीराज मांडीवर असताना तिनं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, तू जा, मी भाईर बसतो. आणि खरंच बसला. ड्यूटी नसेल त्या प्रत्येक रविवारी तो तिला हॉलपर्यंत सोडायचा आणि दाराबाहेरच्या ओट्यावर उपासना संपेपर्यंत बसून राहायचा. सुमारे चाळीस वर्षं. कुणी आत या म्हटलं की हसायचा. नर्मदाबाई आतून अधूनमधून वळून दाराकडं बघायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर त्याला आधी पंचांसमोर बसावं लागतं. प्रश्न सात, छापील. सातही प्रश्नांचं उत्तर एकच, होय. पाळक आधीच घरी जाऊन सांगून येतो, की सात वेळा होय म्हणायचं. आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं. एक गृहस्थ चौथ्या प्रश्नाला झोपले होते, त्यांनाही दिला. मला या प्रकाराचा मनातून राग यायचा. कुणी विचारच करत नाही, असं मी योगीराजला म्हणायचो, आणि तोही मान डोलवायचा.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, सिताराम पंचांसमोर येऊन बसला. पांढरा शर्ट, दाढी केलेली, टोपी हातात. बायकोला त्यानं काही सांगितलं नव्हतं. आधी व्हावं आणि मग एखाद्या रविवारी एकदम आत जाऊन तिच्या शेजारी बसावं, असा त्याचा बेत होता. समोर आम्ही तिघं. योगीराज, मी, आणि म्हातारे महारुद्र, ज्यांना ऐकू कमी यायचं म्हणून ते सगळ्यालाच हो हो करायचे. योगीराजनं बापाला सात प्रश्न वाचून दाखवले. सिताराम सात वेळा व्हय म्हणाला.

तिथं थांबायचं होतं. पण मी थांबलो नाही. पाळकाचा बाप म्हणून सहज सुटला असं लोक म्हणतील, असं मला वाटलं. खरं तर हे कारण मी नंतर शोधलं. खरी गोष्ट अशी, की त्या सव्वीस कुटुंबांत विचार करणारा माणूस मी एकटा, असा माझा समज होता, आणि ते कुणाला दाखवायची संधी सहा-आठ महिन्यांतून एखादीच यायची. म्हणून मी आठवा प्रश्न विचारला.

"सितारामजी, चाळीस वर्षं बाहेर बसलात. आता आत कशासाठी यायचंय?"

याचं उत्तर त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"नर्मदा मेल्यावर जिथं जाईल तिथं मला जायचंय सर," तो म्हणाला. "हितं तर आमाला एका जागी ठिवायचे न्हाईत. तिला पुरतेल, मला जाळतेल. तिकडं तरी एका जागी असावं."

"आणि प्रभूवर विश्वास?"

"तिचा हाय की. आन ती कवा खोटं बोलत न्हाई."

याहून खरं उत्तर त्या हॉलमध्ये कुणी दिलं नसेल. ते मला आज कळतं. त्या दिवशी मी त्याला हेतू आणि श्रद्धा यांतला फरक समजावून सांगितला. बायकोपर्यंत पोचायला देवाचा जिना करू नये, असं म्हणालो. विश्वास कशासाठी तरी ठेवला की तो विश्वास राहत नाही, सौदा होतो, असंही म्हणालो. चांगला वीस मिनिटं बोललो, उदाहरणं देऊन. सितारामनं सगळं नीट ऐकलं. महारुद्र हो हो करत होते. मग मी योगीराजकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "सरांचं बरोबर हाय, आबा."

सहा महिने विचार करा, मग पुन्हा बसू, असं ठरलं. सिताराम म्हणाला, "बरं. करतो इच्यार." टोपी घातली, आम्हाला हात जोडले आणि गेला.

जूनमध्ये बाजारातून भेंडी घेऊन येताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो रस्त्यातच गेला. भावकीनं नदीकाठी अग्नी दिला. योगीराज झगा न घालता साध्या शर्टात उभा होता. त्या शनिवारचं आम्ही नोंदवहीत काही लिहिलेलं नव्हतं. महारुद्र वर्षाच्या आत वारले. ती गोष्ट जाणणारे आम्ही दोघंच उरलो आणि आम्ही दोघांनीही ती पुन्हा कधी काढली नाही. रविवारी भेटायचो, प्रवचनावर बोलायचो, चहा प्यायचो.

गेल्या डिसेंबरात योगीराजचा फोन आला. नर्मदाबाईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नांदेडच्या डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा मशीनवर घ्यायला सांगितलं, ती नको म्हणाली, तिला घरी आणलं होतं.

"सर, माय रोज एकच इचारायलीय," योगीराज म्हणाला. "आबा तिथं भेटतील का म्हणून."

"तू काय सांगतोस?"

"काय सांगू? पंधरा वर्षं झाली, दर ऐतवारी उभं राहून सांगायलोय की स्वर्गाचं दार एकच हाय, प्रभूचं. व्हय म्हणलं तर ते सगळं खोटं. न्हाई म्हणलं तर कसं म्हणू, माय हाय ती. ठाऊक न्हाई म्हणलं तर म्हणती, मग कशाचा पाळक हाईस रे तू. प्रभुभोजन पण घेईना झालीय. म्हणती, आधी उत्तर दे, मग घेते. आपण तिला असं जाऊ द्यायचं का सर? तुमी या. काही तरी मार्ग काढा. तुमाला येतं."

लाज वाटते, पण सांगतो. मला आनंद झाला. मरणाच्या दारातल्या बाईसाठी कुणी माझ्या विषयाची मदत मागितली होती. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसलो. पिंगळी मागं पडेपर्यंत विचार जुळत आला होता आणि मिरखेलला गाडी क्रॉसिंगला थांबली तेव्हा तो पूर्ण झाला. ख्रिस्ती आचार्यांनी फार पूर्वी या प्रश्नाची सोय करून ठेवली आहे. एखाद्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता आणि पाणी अंगावर पडायच्या आधीच तो मेला, तर त्याची इच्छा हाच त्याचा बाप्तिस्मा. पाणी देवानं केलंय, देव पाण्याला बांधलेला नाही. बुद्धीलाही पटतं आणि धर्मशास्त्रालाही चालतं. कधी नव्हे ते मालकीण आणि दासी एका ताटात जेवत होत्या.

अडचण एकच होती. सितारामला बाप्तिस्मा हवा होता, हे आधी सिद्ध व्हायला हवं. आणि ते सिद्ध करणारी गोष्ट ठाऊक असणारे आम्ही दोघं, आणि ती गोष्ट म्हणजे आम्ही त्याला परत पाठवलं. गाडी हलली तेव्हा मी ठरवलं, की ती न काढता जमतं का ते आधी बघू.

स्टेशनवर योगीराज स्कूटर घेऊन आला होता. खांद्याला पिशवी, तिच्यात भाकर, द्राक्षारसाची लहान बाटली आणि पेला. उत्तर मिळालं की लगेच प्रभुभोजन द्यायचं म्हणून त्यानं सगळं बरोबर घेतलं होतं. गाडी लावताना तो म्हणाला, "तिच्याजवळ लय दिवस न्हाईत सर."

नर्मदाबाई पुढच्या खोलीत खाटेवर होती. तोंड आणि पाय सुजले होते. सून रेणुका तिच्या पायांखाली उशी सरकवत होती. मी खुर्चीवर बसलो. नर्मदाबाईनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"योग्या म्हणला, तुमाला म्हाईत हाय. सांगा. माझा माणूस भेटंल का मला?"

मी दयेपासून सुरुवात केली. "नर्मदाबाई, देवाच्या दयेला कुंपण नसतं. कोण आत आणि कोण बाहेर, हे आपण ठरवायचं नसतं."

"कुंपण न्हाई तर मंग मला आत कामून घेतलं?" ती म्हणाली. "मी बी भाईर बसले असते की त्याच्या संगट. चाळीस वर्सं तो एकटाच बसला ओट्यावर."

एकतीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी घसा साफ केला आणि दुसऱ्या बाजूनं गेलो. म्हणालो, काही गोष्टी माणसाला कळायच्या नसतात, तिथं ज्ञान संपतं आणि आशा सुरू होते. आपण आशा ठेवावी.

"आशाच ठिवली की आजवर. दर ऐतवारी वळून वळून मान दुखायची माझी." तिला दम लागला. रेणुकानं पाणी पुढं केलं, ते तिनं हातानंच नको म्हटलं. "मला उगं फिरवू नका सर. मला येवढंच कळू द्या, त्याला माझ्या संगट यायचंच नव्हतं का? एकदा, निस्तं एकदा म्हणला असता, नर्मदे, मी बी येतो. मंग मी देवाशी भांडले असते. त्याला म्हणले असते, आणा माझ्या माणसाला, न्हाई तर मला बी नगं. आता मी कशाच्या जिवावर भांडू? त्यो तर कवा म्हणलाच न्हाई."

योगीराजनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हिला जे हवंय तेच नेमकं माझ्या युक्तिवादाला हवंय. आधी थोडं कडू लागेल, पण शेवट गोड आहे, शेवट ऐकला की बाई आधीचं विसरेल. इतका मी हुशार. मी सांगायला सुरुवात केली.

"तो आला होता, नर्मदाबाई. पंचांसमोर. बाप्तिस्मा मागायला."

ती उठून बसू लागली. रेणुकानं पाठीला आधार दिला.

"कवा?"

"तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. एका शनिवारी दुपारी."

"पांढरा शर्ट व्हता का अंगात?"

"हो."

"म्याच इस्तरी केली व्हती त्याला. येवढं नटून कुठं निघालाव म्हणलं, तर म्हणला, पोरगी बघाया." ती हसली. खोटं कशाला सांगू, दोन-चार मिनिटं ती बाई आजारी नव्हती. "काय म्हणला सर? समदं सांगा. त्यानं काय काय म्हणलं तसंच सांगा."

मी सांगितलं. टोपी हातात होती ते सांगितलं, सात वेळा व्हय म्हणाला ते सांगितलं. आठव्या प्रश्नाचं उत्तर मी शब्दाला शब्द सांगितलं, कारण ते मी विसरलो नव्हतो. ऐकताना ती पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. रेणुकाही रडत होती. सगळं खरंच छान चाललं होतं.

"मंग?" ती म्हणाली. "मंग घेतला का न्हाई त्याला? मला कुणी सांगितलं कामून न्हाई?"

मी योगीराजकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. मग मी उरलेलंही सांगितलं. सहा महिने विचार करा म्हटलं, असं सांगितलं.

"कशाचा इच्यार? त्याचं काय चुकलं व्हतं?"

"चुकलं नव्हतं. हेतू जरा... तो तुमच्यासाठी येत होता, नर्मदाबाई. देवासाठी नाही."

"मी कुणासाठी इचारायले मंग आता?"

मी घाईनं पुढं सरकलो. आता माझा तो विचार सांगायची वेळ आली होती आणि मी तो मांडला, मला येतो तितका सोपा करून. ज्याला यायचं होतं पण येता आलं नाही, तो आलाच, असं धरतात. इच्छा पुरते. सितारामची इच्छा आम्ही कानांनी ऐकली आहे. म्हणजे तो गेलाच असणार, आणि तुम्हाला भेटणारच. योगीराजनं मान वर केली. त्याचा चेहरा थोडा सैल झाला होता. त्याचा हात पिशवीकडं गेलेला मी पाहिला.

नर्मदाबाई एकेक शब्द चाचपल्यासारखी ऐकत होती.

"हे तुमच्या मनचं सांगायलात का?"

"नाही नाही. मोठमोठ्या आचार्यांनी लिहून ठेवलंय. शेकडो वर्षांपासून सांगत आलेत."

"शेकडो वर्सं."

"हो."

"मंग तुमाला तवा बी ठाऊक व्हतं."

दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो धडा शिकवायचो. वर्गात कुणी नसलं तरी उजळणी म्हणून एकदा वाचायचो. सिताराम समोर टोपी धरून बसला होता तेव्हाही तो मला पाठ होता. मला तो आठवला नाही, असंही नाही. फक्त तो पुस्तकातल्या माणसांसाठी आहे असं मी धरून चाललो होतो, सांधेवाल्यासाठी नाही.

"हो," मी म्हणालो. "ठाऊक होतं."

तिनं मुलाकडं पाहिलं. "आन तुला?"

योगीराज म्हणाला, "सरांनी शिकवलं व्हतं, माय."

ती ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदानं खाल्ल्या असत्या. तिनं रेणुकाला हात मागं घ्यायला सांगितलं, आपली आपण आडवी झाली आणि म्हणाली, "रेणुका, सरांना च्या दे. गाडीचा टाइम झाला असंल त्यांच्या." मग ती भिंतीकडं वळली.

योगीराजनं पिशवी उघडली. पेल्यात द्राक्षारस ओतला, खाटेजवळ गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "माय, उत्तर मिळालं की. घे आता."

"ठिव ते पिशवीत," ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली.

रेणुकानं चहा आणला. मी तो प्यालो. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

त्यानंतर ती नऊ दिवस जगली. योगीराज रोज सकाळी पेला घेऊन जवळ बसायचा आणि ती मान हलवायची. पाणी मागायची, कूस बदलून द्यायला सांगायची, रेणुकाशी दोन शब्द बोलायची. नवऱ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही आणि देवाचंही काढलं नाही. गेली तेव्हा तिला आमच्या दफनभूमीत ठेवलं. योगीराजनं विधी वाचला. पुनरुत्थानाच्या आशेचं जिथं येतं तिथं तो थांबला, पान उलटलं आणि पुढचं वाचू लागला. लोकांना वाटलं, आईच्या दुःखानं चुकला. मी शेवटच्या रांगेत उभा होतो. माती टाकायला तो मला बोलावेल असं वाटलं होतं, पण त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मीही पुढं झालो नाही.

तो अजून पाळक आहे. दुसरं काय करणार, दोन लेकरं आहेत. ऐकतो की हल्ली प्रवचन दहा मिनिटांत संपवतो आणि छापील वाचून दाखवतो. मला फोन करत नाही. मी पूर्ण्याला जात नाही आणि इथल्या पंचांशी माझं बोलणं नाही, त्यामुळे रविवारी घरीच असतो. कधी कधी तो युक्तिवाद पुन्हा कागदावर मांडून बघतो. त्यात कुठंही चूक नाही. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, पण झोपा मी उत्तम केलाय, एक फट राहिलेली नाही.

एक गोष्ट मी नर्मदाबाईला सांगितली नाही. योगीराजलाही ठाऊक नाही. त्या साली एप्रिलमध्ये, पंचांसमोर बसल्याला दोन महिने झाले असतील, भर दुपारी सिताराम माझ्या परभणीच्या घरी आला होता. घामानं निथळत होता. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, पंखा वाढवला. तो खुर्चीच्या अगदी काठावर बसला.

"सर, लय इच्यार केला," तो म्हणाला. "रोज एक घंटा बसून केला, ड्यूटीवाणी. पण दुसरं कारण सापडंना. तिच्या संगट जायचंय, येवढंच सापडतंय. येवढ्यावर चालंल का बघा."

मला त्याचं कौतुक वाटलं. इतक्या प्रामाणिकपणे माझ्या एकाही विद्यार्थ्यानं गृहपाठ केला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, सितारामजी, घाई कशाला, अजून चार महिने आहेत. तो बरं म्हणाला, पेला खाली ठेवला आणि उन्हातून चालत स्टेशनकडं गेला.